शेवटची फळी

१

डेल्मर प्रुइट संध्याकाळी कामावरून घरी आला की दारातच बूट काढायचा, हातमोजे काढायचा, थर्मोस्टॅटकडे बघायचा आणि एक शिवी हासडायचा. थंडी सुरू झाल्यापासून हा क्रम चुकला नव्हता. काटा जिथे लावलेला असे, तिथवर घर तापायला तयारच नव्हतं.

घर म्हणजे चाकांवरचा ट्रेलर. एका टोकाला पलंग, दुसऱ्या टोकाला टेबल आणि बाक, मधे ओटा, न्हाणीघर आणि एकच माणूस जाईल एवढी वाट. उत्तर डकोटात तेलविहिरींवर कामाला आलेली निम्मी माणसं अशाच ट्रेलरांमधून राहत. फर्न नावाच्या बाईच्या मैदानावर त्यांच्या रांगा लागलेल्या होत्या. जानेवारीत तिथे नाकातला श्वास मिशीवर गोठायचा. अशा थंडीत भट्टी बरी नसेल तर माणूस झोपेतच आटोपतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

आणि गंमत अशी की भट्टीचं काही बिघडलंय असं वाटत नव्हतं. वेळेवर पेटायची, ज्योत निळी स्वच्छ, पंखा घूं घूं फिरायचा. गॅसच्या टाक्या तर ती अशी रिकाम्या करत होती की दोन घरं तापवत असावी. ऊब तेवढी घरात येत नव्हती.

नोरीन, त्याची बायको, दोन स्वेटर घालून आणि कानटोपी ओढून बाकावर बसलेली असायची. तिने तक्रारीचा कधी चकार शब्द काढला नाही, आणि डेल्मरला तेच जास्त लागायचं. बाई भांडली असती तर परवडलं असतं. ही उलट त्याच्याकडे बघून गोड हसायची आणि म्हणायची, "चालतंय रे. एवढ्याशा थंडीनं मी काही मरत नाही." मग डेल्मर टेबलाशी बसून तिने केलेली बीन्सची चिली, म्हणजे तिखट उसळ, खाली मान घालून खायचा.

२

शेजारच्या ट्रेलरातला ऑर्व्हिल हा असल्या बाबतीत फुकटचा डॉक्टर होता. आयुष्याची तीस वर्षं त्याने चाकांवर काढलेली. त्याने डेल्मरला पायरी पायरीने सगळं तपासायला लावलं. भट्टी जिथून हवा आत ओढते त्या जाळीसमोर बायका चपलांचे खोके रचून ठेवतात, ते आधी बघ म्हणाला. खोके नव्हते. बॅटरी मेली असेल, पंखा दमून फिरत असेल, म्हणाला. बॅटरी नवी निघाली. पंख्यात केस आणि लोकर अडकली असेल म्हणून डेल्मरने भट्टी बाहेर ओढून पंखा ब्रशने घासला. गॅसचा दाबही मोजून झाला. सगळं ठाकठीक होतं आणि घर थंडच होतं.

"मग तुझी ऊब गळतेय कुठेतरी," ऑर्व्हिल म्हणाला. "पलंगाकडे जाणारी नळी असते ना, जमिनीखालून जाते ती, ती निखळली असणार. खाली मांजरांची चैन चाललीय तुझ्या गॅसवर."

"मांजरं कुठून येतील? चारी बाजूंनी बंद आहे."

"झालर लावताना आत बघून हाक मारली होतीस ना?"

"मारली होती," डेल्मर म्हणाला.

तो खोटं बोलला. हे खोटं तोंडातून इतकं सहज निघालं की त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

झालर म्हणजे तिथल्या प्रत्येक ट्रेलरच्या बुडाशी हिवाळ्याआधी लावतात ती फळ्यांची भिंत. ट्रेलर चाकांवर उभा, खाली सगळं मोकळं, वारा सुसाट जाणार. म्हणून नोव्हेंबरात रांगेतले सगळे पुरुष एक दिवस जमतात, पोकळीत पेंढ्याचे गठ्ठे सारतात आणि चारी बाजूंनी निळ्या, जाड फोमच्या फळ्या स्क्रूने आवळून टाकतात. शेवटची फळी लावण्याआधी घरमालकाने गुडघ्यावर बसून, बॅटरी मारून आत ओरडायचं असतं: "कोण आहे रे आत? उठा, निघा!" मग जरा थांबायचं, कान द्यायचा, आणि मगच फळी लावायची. एका वर्षी कुणाची तरी मांजर आत राहिली होती आणि बर्फ वितळेपर्यंत वासाने त्या घरात बसवत नव्हतं. तेव्हापासून माणसं हसत हसत का होईना, पण हाक मारतातच. ती चुकवणारा माणूस त्या मैदानावर सापडणं कठीण.

३

रविवारी नोरीन मैदानावरच्या धुलाईघरात कामाला गेली तेव्हा डेल्मरने ऑर्व्हिलने सांगितलेली शेवटची तपासणी केली. संडासातल्या कागदाची एक लांब पट्टी फाडली आणि जमिनीतल्या प्रत्येक जाळीवर धरून पाहिली. टेबलापाशी पट्टी जरा फडफडली. ओट्यापाशी नुसती डुलली. न्हाणीघरापाशी तिने मान हलवल्यासारखं केलं.

पलंगाशेजारच्या जाळीवर धरली तेव्हा पट्टी जाळीला जाऊन चिकटली.

भट्टीची नळी हवा बाहेर टाकते, आत ओढत नाही. हात हलला असेल म्हणून डेल्मरने पुन्हा धरली. पट्टी चिकटली, क्षणभर तशीच राहिली, मग सुटली, हलकेच वर उचलली गेली, लोंबली, आणि पुन्हा चिकटली. खालून वारा ओढत असणार, असं त्याने स्वतःला समजावलं. खाली झालर आहे, वारा कसला, असंही त्यालाच वाटलं. मग त्याने सरळ उठून भट्टी बंद केली. पंख्याची घरघर मंदावत मंदावत थांबली, घर चिडीचूप झालं. आता पट्टी हलणार नाही म्हणून तो परत येऊन बसला.

पट्टी चिकटली. सुटली. चिकटली.

त्याने तळहात धरून पाहिला. येणारी हवा कोमट होती आणि किंचित दमट. तो तिथे बराच वेळ गुडघ्यांवर बसून राहिला, आणि आपणही त्याच तालात श्वास घेतोय हे ध्यानात आल्यावर झटकन उठला. दिवसभर मग तो उगाचच बाहेर, गाडीचं झाकण उघडून इंजिनात डोकं घालून उभा राहिला.

४

आता वेंडेलचं सांगितलंच पाहिजे, कारण डेल्मरच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

वेंडेल हा नोरीनचा धाकटा भाऊ. आर्कान्सामधून उन्हाळ्याच्या शेवटी कामासाठी आला. उंच, लांब पायांचा, आवाज न चढवणारा पोरगा. महिन्याभरात त्याची विहीर बंद पडली, काम गेलं, आणि तो बहिणीच्या बाकावर झोपायला लागला. त्याचे पाय वाटेत यायचे. डेल्मर येताजाताना तो दर वेळी पाय आखडून घ्यायचा आणि म्हणायचा, "माफ कर हं." दिवसभर ते "माफ कर हं" ऐकून डेल्मर इतका विटला होता की वेंडेलने एखादी शिवी दिली असती तर त्याने त्याला मिठी मारली असती.

त्यात फर्नने टोकलं. एका ट्रेलरात दोनच मोठी माणसं, तिसरा दिसला तर तिघंही बाहेर, असा तिचा नियम. डेल्मरला आयतंच निमित्त मिळालं. त्याने नोरीनला काही सांगितलं नाही. ती कामावर असताना दुपारी त्याने वेंडेलला निघायला सांगितलं.

"सकाळी गेलो तर चालेल?" वेंडेलने विचारलं होतं. "आज बर्फ यायचाय. आणि ताईला भेटून गेलो असतो."

"ती रडत बसेल. आत्ताच जा."

वेंडेलने पांघरुणाची घडी घातली. इतके दिवस ठेवून घेतलंस, उपकार झाले, असं म्हणाला आणि दार हळूच ओढून घेतलं. तो कुठल्या दिशेला गेला ते डेल्मरने खिडकीतून पाहिलंही नाही. नोरीनला त्याने सांगितलं की टेक्सासला जाणारी एक गाडी मिळाली, तिकडे काम आहे, घाईत गेला. वेंडेलचा फोन तेव्हापासून बंद होता.

झालरीची शेवटची फळी त्याच दुपारी लावायची राहिली होती. बाकीचे चहाकॉफीला पांगले होते. डेल्मर ओठांत स्क्रू धरून गुडघ्यावर बसला आणि आत पेंढ्यात काहीतरी सरकलं. मोठं काहीतरी, आणि सरकणं थांबलं तेसुद्धा दबकून. हाक तोंडाशी आली होती. पण हाक मारली आणि उत्तर आलं तर, या विचाराने त्याची जीभ चिकटली. पाहुणा घालवून पुरता तास झाला नव्हता. त्याला पुन्हा घरात घेणं त्याच्या जिवावर आलं होतं. त्याने फळी टेकवली आणि स्क्रू पिळले.

संध्याकाळी बर्फ आला. दुसऱ्या दिवशी नांगरगाडीने तो सगळ्यांच्या झालरींवर लोटला, बाप्यांनी वरून पाणी मारलं आणि दरवर्षीसारखी बर्फाची भिंत खिडक्यांपर्यंत चढली. डेल्मर रोज कामावर जाताना त्या भिंतीला एक चक्कर मारायचा. ती कुठेही फुटलेली नव्हती. रॅकून नाहीतर असलंच एखादं जनावर असेल, कधीच मेलं असेल, असं तो म्हणायचा. आणि वेंडेल टेक्सासला असेल. पण रॅकूनला तो एवढा घाबरत नव्हता, आणि टेक्सासची गाडी त्याने स्वतःच रचलेली होती.

५

पुढच्या आठवड्यात एका सकाळी तो मोज्यांवरच ओट्याकडे चालला होता आणि पायाला ऊब लागली. अख्ख्या थंडगार जमिनीत तेवढाच एक तुकडा उबदार. त्याने बसून तळहाताने तो चाचपला. न्हाणीघराच्या दारापासून कपाटापर्यंत, अरुंद आणि लांब. खालून नळी जात असणार. नळी निखळली तर गरम हवा तिथेच साठणार, हे पटण्यासारखंच होतं आणि त्याला पटलंही.

दुसऱ्या सकाळी त्याने पुन्हा चाचपलं. तुकडा आता आखूड झाला होता आणि एका बाजूला रुंद. एका जागी तो बाहेर आला होता, पोटाशी गुडघे घेऊन कुशीवर निजल्यावर यावा तसा. डेल्मर उठला आणि त्याने तोंड धुतलं. नळी कूस बदलत नाही, एवढं कळायला भट्टीची विद्या लागत नव्हती.

मग त्याला एक दिसलं, आणि ते त्याच्या मनातून जाईना. नोरीन त्या जागेवरून जाताना पाऊल हलकं टाकत होती.

त्याने ठरवलं, हिला सांगून टाकायचं. संध्याकाळी मक्याच्या पावाचा तुकडा हातात धरून त्याने सुरुवात केली. "नोरीन, वेंडेलचं..." ती लगेच वर बघायला लागली. तिच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की त्याचं सगळं अवसान गळालं. "वेंडेलचा फोन आला का, म्हटलं."

"नाही," ती म्हणाली. मग टेबलावरून हात पुढे करून तिने त्याची बोटं दाबली. "तू नको काळजी करूस."

डेल्मरला स्वतःची लाज वाटली. चोराला घरच्यांनी पंगतीला बसवावं तसं त्याचं झालं होतं. तो जेवण अर्धवट टाकून उठला.

६

रविवारी भर दुपारी, ऊन डोळ्यांत खुपत असताना, तो भट्टी बंद करून पहार आणि नळी जोडायचं सामान घेऊन बाहेर आला. नोरीन धुलाईघरात होती, ऑर्व्हिल गावात गेलेला. डेल्मरने बर्फाची भिंत फोडली. ती आतपर्यंत निळी, अखंड होती. तिच्यामागे त्याने लावलेली फळी सापडली, स्क्रूही जागच्या जागी. त्याने ते काढले आणि फळी बाजूला केली.

आतून ऊब आली. थेट तोंडावर, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं दार उघडल्यावर येते तशी. ओल्या लोकरीचा वास होता तिला. डेल्मरने बॅटरी मारली.

नळी निखळलेलीच होती. तोंडावरची चिकटपट्टी फाटलेली नव्हती. कुणीतरी सावकाश सोलून तिची नीट गुंडाळी करून गठ्ठ्यावर ठेवली होती. नळीचं टोक खाली ओढून पेंढ्यात आणलं होतं आणि तिथे पेंढ्याला खळगा पडला होता. लांब, माणूसभर लांब. आणि डेल्मर बघत असताना त्या खळग्यातल्या काड्या एकेक करून वर येत होत्या. गादीवरून नुकतंच कुणी उठलं की गादी वर येते, तशा.

बॅटरीचा उजेड चाकाकडे गेला. चाकामागे मोज्यांतले दोन तळवे होते, त्याच्याकडे केलेले.

ते आत आखडले. घाईने ओढून घेतले नाहीत. वाटेत बसलेल्या माणसाने दुसऱ्याला जागा करून द्यावी, तसे हळूच, अदबीने आखडून घेतले.

डेल्मरच्या जिभेवर नाव आलं होतं. ते उच्चारायला काय लागतं? पण तो पोटावर सरपटत आत गेला, चाकाकडे पाठ करून. नळी ओढली, भट्टीच्या तोंडावर बसवली, पोलादी पट्ट्याने करकचून आवळली आणि वरून नवी चिकटपट्टी गुंडाळली. काम चांगलं झालं. पाठीमागे, हाताच्या अंतरावर, पेंढा जरासा करकरला आणि गप्प झाला. तो उलटा सरपटत बाहेर आला, फळी लावली, स्क्रू पिळले. याही वेळी त्याने हाक मारली नाही. मग तो बर्फात बसून लहान पोरासारखा रडला आणि आत जाऊन त्याने भट्टी चालू केली.

७

नोरीन आली तेव्हा घर तापलं होतं. खिडक्यांवरचा बर्फ घळाघळा उतरत होता. ती दारातच थबकली, मग हसली. कानटोपी काढली, वरचा स्वेटर काढला. दुसऱ्या स्वेटरला हात घातला आणि तो तिथेच थांबला.

"नळी जोडलीस?" ती म्हणाली.

"कुठली नळी?"

"खालची. डेल्मर, नळी परत जोडलीस का तू?"

त्याने मान डोलावली.

"मग तो?"

पंखा जोरात घुमत होता. डेल्मरने विचारलं, "तुला कुणी सांगितलं नळीचं?"

"सांगायला कशाला हवं? तू कामावर गेलास की मी रोज त्या जाळीशी बसते. खोकतो तो. मी बोलते, तो ऐकतो. तुझ्या भीतीनं बोलत नसेल." ती बाकावर बसली. "मला वाटलं तूच नळी सोडून ठेवलीस त्याच्यासाठी. फर्ननं विचारलं तर मला खोटं बोलायला लागू नये, म्हणून मला सांगितलं नाहीस, असं धरून चालले होते मी. म्हटलं, माझा नवरा तोंडाचा कडू आहे, पण बघा. सगळा हिवाळा गारठत बसले, आणि इतकी सुखात होते रे मी."

यापेक्षा तिने त्याच्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. डेल्मरने सगळं सांगितलं. उभ्याउभ्या, भिंतीकडे बघत. टेक्सासची गाडी नव्हती. मीच घालवला. फळी लावताना आत खुडबुड ऐकली होती, ऐकून लावली. आज त्याचे पाय पाहिले आणि पुन्हा लावली.

"बर्फाची भिंत आज पहिल्यांदा फोडली मी," तो म्हणाला. "नोव्हेंबरपासून तिथून कुणी आत गेलेलं नाही, बाहेर आलेलं नाही. नोरीन, इतके दिवस तो खात काय होता?"

ती म्हणाली, "मला वाटलं, तू देतोस."

तिने कोट चढवला, ओट्यावरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि बाहेर गेली. डेल्मर आतून ऐकत होता. स्क्रू एकेक करून निघाले. फळी बर्फावर पडली. मग नोरीनने भावाला हाक मारली, मोठ्याने, पोरांना जेवायला हाक मारतात तशी.

मग तिचं बोलणं सुरू झालं, हलक्या आवाजात. शब्द कळत नव्हते. पण ती मधे मधे थांबत होती, आणि थांबून पुन्हा बोलताना तिचा सूर बदललेला असायचा. एकदा ती म्हणाली, "हो, आहे ना आत," आणि ते डेल्मरला स्वच्छ ऐकू आलं.

बर्फात पावलं वाजली, ट्रेलरला वळसा घालून दाराकडे आली. दाराच्या पायरीवर कुणी चढलं की तो सगळा ट्रेलर त्या अंगाला जरा कलतो. नोरीन चढली तसा तो कलला. टेबलावरच्या मगातली कॉफी हलली. मग तो आणखी कलला, चांगलाच, तिच्यामागे तिच्याहून उंचापुरं कुणी पायरीवर उभं राहिल्यासारखा.

"डेल्मर," बाहेरून नोरीन म्हणाली. तिचा आवाज रडका नव्हता, रागाचाही नव्हता. "तो विचारतोय, आत येऊ का म्हणून."

डेल्मर दाराशीच उभा होता. दाराला आतून कडी लागलेली होती. ती कुणी लावली हे विचारायला घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि त्याचा हात अजून त्या कडीवरच होता.